हिंगाची डबी

वरवंडात माझ्या शेजारणीच्या कमरेला हिंगाची डबी कायम खोचलेली असायची. कुणी पोटावर हात ठेवला की ही म्हणायची, "घे गं बाई चिमूटभर, आत्ता राहंल." नको म्हटलेलं तिला खपायचं नाही.

तिच्या नातीला गहू सोसत नाही. डॉक्टरांनी तो बंद केला, तसा हिनं गव्हाचा डबाच घराबाहेर काढला. सगळ्यांना भाकरी. तरी पोरीचं पोट दुखतच होतं. ती वाळत चालली आणि ही तिच्या ताकात हिंग वाढवत गेली.

परवा त्यांच्याबरोबर मीही दौंडला गेले. हिनं ताकातल्या हिंगाचं सांगितलं, तसे डॉक्टर म्हणाले, "आजी, बाजारच्या हिंगात बहुतेक मैदा असतो. म्हणजे गहूच."

मीही चार लेकरं हिंगावरच वाढवली.

"आवं, म्हंजी विख मीच पाजत व्हते व्हय?" असं म्हणून तिनं डबी त्यांच्या टेबलावर ठेवली.

येताना एसटीत पोरीनं पोट धरलं. हिचा हात कमरेकडं गेला. मग तो हात तिनं मांडीखाली दाबला, तो गाव येईपर्यंत काढला नाही.