मोबाइलमधले सर

नात भिंतीला टेकून मोबाइलवर अपूर्णांक शिकत होती. फुकट शिकवतात म्हणे. फुकट देणाऱ्याचा मला आधी संशयच येतो. आतले सर म्हणाले, "समजलं ना?" पोरीनं मान डोलावली, "हो सर" म्हणाली. कपाळावरच्या आठ्या तशाच.

"काय समजलं गं?"

"काही नाही, आजोबा."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"ते कुठं बघतायत?"

पोराचं तोंड न बघता शिकवायचं, हे मला काही पटत नाही. माझ्याही मोबाइलमध्ये बायकोचा व्हिडिओ आहे, ती जायच्या आधी नातीनंच काढलेला. "जेवलात का?" विचारते. मी न जेवताच "जेवलो" म्हणतो. ती हसते, पुढचं बोलायला लागते. समोर असती, तर माझं तोंड बघून ताट वाढायला उठली असती.