न रंगवलेल्या ओळी

आमच्या ह्यांना गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. 'कानवाले कुठं राहतात?' असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. इस्पितळात कानाच्या विभागात हे गेली कित्येक वर्षं एकाच खोलीत बसतात. भिंतींना जाड फोम लावलेला, काचेच्या आत पेशंट, बाहेर हे. आतल्या माणसाच्या कानात बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, ह्यांनी कागदावर ठिपका काढायचा. ठिपके जोडून जी रेघ होते, ती जितकी खाली घसरलेली तितकं कमी ऐकू येतं. मग कानात घालायचं ऐकण्याचं मशीन निवडायचं, कानाचा साचा घ्यायचा, बसवून द्यायचं. काम एकदम चोख. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं घरातल्या कानांबद्दल होतं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ह्यांनी त्यातल्या त्यात चांगलं मशीन आणून बसवलं. त्यांनी ते थोडे दिवस घातलं आणि खाटेशेजारच्या खणात ठेवून दिलं. विचारलं की म्हणायचे, 'छान आहे की मशीन!' पण खण काही उघडायचा नाही. मग हळूहळू जेवायलाही आमच्यात येईनात. 'तुम्ही बसा बोलत, मला काय कळतंय त्यातलं,' असं म्हणून ताट घेऊन आपल्या खोलीत. एके काळी ह्या माणसानं बोलायला सुरुवात केली की समोरच्याचा चहा गार व्हायचा. तो आता भिंतीकडे तोंड करून जेवतोय, हे मला बघवत नव्हतं. एक दिवस मी ह्यांना म्हटलंच, "अख्ख्या गावाच्या कानात मशीन घालत फिरता. स्वतःच्या बापाचं काय?"

ते चांगलंच झोंबलं असावं. कारण त्याच महिन्यात ह्यांनी इस्पितळाशेजारच्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. संशोधन कसं करायचं ते शिकवणारा वर्ग. विषय ह्यांनीच निवडला: माणसं मशीन घेतात आणि घालत का नाहीत? बाबा एकटेच तसे नव्हते म्हणे, इस्पितळातले कितीतरी पेशंट तेच करत होते. पण हे कुणासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं. बाबांना परत जेवणाच्या टेबलावर आणायचं होतं, बाकी सगळं त्याच्या मागून.

तिथल्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या रेघांत नाही, लोकांच्या घरी जा आणि ऐका. हे म्हणाले, "ऐकणं तर माझा धंदाच आहे, मॅडम." त्यावर बाई नुसत्या हसल्या म्हणे.

मग ह्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. पहिली सरावाची, बाबांचीच. नंतर पेशंटच्या घरोघरी. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन शब्दन् शब्द टाइप करायचा. बाईंची शिस्त अशी, की माणूस खाकरला तर खाकरला असं लिहायचं, गप्प बसला तर गप्प बसला असंही लिहायचं. तासाभराच्या बोलण्याला चार-चार संध्याकाळी जायच्या. आणि हा सगळा पसारा कुठं? माझ्या कटिंगच्या टेबलावर! मी कपडे आल्टर करून देते. लोकांच्या पँटी खुर्चीवर लटकताहेत आणि टेबलावर ह्यांचे कागद पाय पसरून पडलेत. "तुमचं हे ज्ञान जरा जमिनीवर मावेल का?" मी विचारायची. मावत नव्हतं.

पण खरं सांगू? मलाही उत्सुकता लागली होती. इतक्या माणसांचं इतकं बोलणं, त्यातून हे उत्तर कसं काढणार? आकड्यांची बेरीज होते. बोलण्याची बेरीज कशी करतात?

ह्यांनी चार रंगांचे हायलायटर आणले. गोंगाटाची तक्रार पिवळ्यात, कान दुखतो ते गुलाबी, सेल संपतो, मशीन मधेच शिट्टी मारतं ती कटकट हिरवी, लोक बघतात म्हणून लाज वाटते ते निळं. एका रविवारी सगळं रंगवून झालं. मग मोजणी. पिवळा पहिला आला, हिरवा दुसरा. ह्यांनी पट्टी घेऊन सुबक आलेख काढला. चेहरा असा, की जणू लग्नच ठरलंय. "सापडलं! गोंगाटच. मशीनचा आवाज कमी-जास्त करून दिला की झालं." लगेच बाबांच्या मशीनची सेटिंग बदलली. बाबा म्हणाले, "छान आहे," आणि मशीन परत खणात गेलं.

आलेख दाखवायला हे बाईंकडे निघाले, तेव्हा मीही गेले. माझं टेबल बळकावणारी बाई आहे तरी कशी, ते बघायचं होतं. छोटीशी खोली, खुर्चीवरची पुस्तकं उचलल्याशिवाय बसायला जागा नाही. बाईंनी आलेख बाजूला ठेवला आणि रंगवलेले कागद चाळायला लागल्या. बराच वेळ चाळल्यावर म्हणाल्या, "ह्यात पांढरं फार उरलंय."

"ते विषयांतर आहे, मॅडम. मशीनबद्दल नाही ते. घरच्या गप्पा."

"असं कुणी ठरवलं?"

ह्यांनी आलेख हळूच आपल्याकडे ओढला.

"आणि हे चार रंग? ह्यांची नावं तुम्हाला मुलाखती वाचून सुचली का?"

हे जरा चाचरले. मग म्हणाले, "नाही. मशीन बसवल्यावर आम्ही पेशंटची तक्रार नोंदवतो ना, त्या कागदावर हेच चार चौकोन असतात."

मला तर हसूच फुटलं. म्हणजे इतक्या घरी जाऊन, इतके तास ऐकून, ह्या माणसानं इस्पितळातलाच कागद परत भरून आणला होता! बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांचं असंच होतं. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. आता असं करा. रंग विसरा. पांढऱ्या ओळी वाचा. प्रत्येकीशेजारी त्या माणसाच्याच शब्दांत दोन-तीन शब्द लिहा, तो काय सांगतोय ते. मग कापून वेगवेगळ्या करा आणि एकसारखं काही सांगणाऱ्या एकत्र ठेवा. ढिगाला नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. आणि तुमच्या नावात न बसणारा एक तरी माणूस शोधून काढा. तो सापडला, की नाव खरं की खोटं ते कळतं."

घरी आल्यावर ह्यांनी आधी माझ्या कात्रीकडे हात नेला. "खबरदार! कापडाची कात्री कागदाला लावलीत तर तुमचेच कान कापीन." शेवटी जुनी कात्री शोधून दिली. भिंतीवर एक चादर टांगली, माझ्या टाचण्या दिल्या आणि कापलेल्या ओळींच्या पट्ट्या टोचायला मीही बसले. आता काय, टेबल तर गेलंच होतं!

पट्ट्या वाचताना मी पँटी विसरले. निवृत्त बस ड्रायव्हर: 'आधी बायको खांद्यावर हात ठेवून बोलायची.' एक आजी: 'नात मांडीवर बसून कानात सांगायची, आता मोबाइलमध्ये बघत सांगते.' शाळेतले जुने शिपाई: 'मशीन आल्यापासून सगळे आपापल्या खोलीतून हाका मारतात.' ह्यांनी सगळ्या एकत्र टोचल्या आणि वर कागद लावला: एकटेपणा.

"झालं का आता?" मी विचारलं.

"न बसणारा माणूस शोधायचाय अजून."

तो सापडला, म्हणजे ती सापडली. अगदी एकटी राहणारी एक म्हातारी. ना मूल, ना बाळ, दिवसभर घरात दुसरं कुणी नाही. आणि ती मात्र सकाळी उठल्यापासून मशीन घालते, आनंदानं! तिची पट्टी मी मोठ्यानं वाचली: 'माझ्याजवळ कोण यायचं होतं? मी आपली रेडिओ ऐकते.'

हे खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "एकटेपणा असता तर हिनं पहिल्यांदा काढून ठेवलं असतं. हिचं काहीच गेलं नाही. बाकीच्यांचं काहीतरी गेलंय. मशीन आल्यावर गेलंय." मग चादरीवरचा कागद काढला. नवीन नाव काही लगेच सुचेना.

"बाबांच्या मुलाखतीत काय आहे?" मी विचारलं.

ती ह्यांनी मोजणीत धरलीच नव्हती, घरचं माणूस म्हणून. कपाटातून काढली. त्यावरही ते चार रंग होते, थोडेसेच. बाकी सगळं पांढरं. हे वाचायला लागले:

'मशीन नव्हतं तेव्हा तू कामावरून आलास की माझ्या खाटेवर बसायचास. कानाशी तोंड आणून सांगायचास, आज कोण आलं, कोण काय म्हणालं. (गप्प बसतात.) मशीन छान आहे. आता तू दारातूनच विचारतोस, जेवलात का.'

त्याच्या खाली ह्यांचा पुढचा प्रश्न, ह्यांनीच टाइप केलेला:

'बरं. मशीन शिट्टी मारतं का?'

तो प्रश्न ह्यांनी दोनदा वाचला. मग कागद मांडीवर ठेवला. आणि माझं तरी काय? स्वयंपाकघरातून 'बाबा, चहा!' म्हणून कोण ओरडतं? मीच की.

बाईंनी सांगितलं होतं, जे सापडेल ते ज्यांचं बोलणं आहे त्यांना दाखवून विचारायचं, बरोबर आहे का. हे उठले आणि बाबांच्या खोलीत गेले. खाटेवर बसले, कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं, ड्रायव्हर, आजी, शिपाई, रेडिओवाली म्हातारी. मी दारात उभी होते. बाबा मन लावून ऐकत होते, मधेच 'हो का!' म्हणत होते. शेवटी ह्यांनी त्यांचं स्वतःचं बोलणं वाचून दाखवलं.

"मी असं म्हणालो?" बाबा म्हणाले. "छे! मी कशाला तक्रार करीन? तू दमून येतोस."

पण ह्यांचा हात त्यांनी धरून ठेवला होता. थोड्या वेळानं खण उघडला, मशीन कानात घातलं आणि त्या संध्याकाळी आमच्यात जेवायला बसले. इतकं बोलले, की माझं वाढणं राहिलं.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सवय म्हणजे काय चीज असते! दुसऱ्या दिवशी जेवण तयार झालं. हे उठले, बाबांच्या दारात उभे राहिले, हातात मोबाइल, आणि म्हणाले, "बाबा, जेवायला!"

बाबांनी वर बघितलं. कानातलं मशीन शांतपणे काढलं, तळहातावर ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघत बसले.

ह्यांनी मोबाइल खिशात टाकला. खोली ओलांडून गेले, खाटेवर बसले आणि कानाशी वाकून म्हणाले, "बाबा, जेवायला चला."

बाबांनी मशीन परत कानात घातलं. "आता ऐकू आलं," म्हणाले, आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठले.