लिंबाशिवाय थांबलेली जीप

गाडी चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. थांबणं हे मात्र एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते अख्ख्या वर्धा जिल्ह्यात फक्त आमच्या भाटव्यांना कळलं होतं. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूजवळच्या एका खेड्यात त्यांची कपाशीची शेती होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्याशा लिलावातून आणलेली एक जुनी लष्करी जीप होती. ती चारही चाकांनी ओढायची. भर पावसाळ्यात काळ्या मातीत जिथं बैलजोडी रुतून बसे, तिथून ती खुशाल निघून जाई. फक्त एकदा निघाली की निघाली. ब्रेक हा अवयव तिनं बहुधा लढाईतच गमावला असावा. मी वर्ध्याला शाळेत शिकवत असे, म्हणून भाटवे मला मास्तर म्हणत. "मास्तर, ह्या गाडीनं लढाई पाह्यली. सगळ्याइच्या पुढं होती हे," असं ते छाती काढून सांगू लागले की चुलीपाशी बसलेली ताई मान वर न करता म्हणायची, "पुढं नाई राह्यन तं काय? थांबता आलं नसन."

त्यामुळे भाटव्यांच्या थांबण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. घरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, सेलूला बाजारामागच्या चढावर आणि वर्ध्याला माझ्या दारातल्या कडुलिंबावर. त्या लिंबाला त्यांनी स्वतःच्या हातानं ट्रकचा जुना टायर बांधून दिला होता, झाडाला लागू नये म्हणून. ब्रेक अगदीच नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पायातला दांडा नऊ-दहा वेळा दणादण दाबला की पुढचं डावं चाक तेवढं धरायचं आणि जीप डावीकडच्या पहिल्या मोकळ्या जागेत शिरायची. म्हणून डावीकडे वळायचं असलं तरच ते ब्रेक वापरीत. हातब्रेकला भाजीची पिशवी अडकवलेली असे. रस्त्यात कुणी हात दाखवला तर भाटवे वेग थोडा कमी करून ओरडत, "ये नं, धावत ये!" आणि लोक सवयीनं धावत चढत. एकदा एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीसाठी उघडी गाडी हवी म्हणून ही जीप मागवली गेली. पुढारी हात जोडून उभे राहिले. जीप स्वागताच्या कमानीखालून गेली, हार घेऊन ताटकळलेल्या मंडळींसमोरून गेली, वाजंत्र्यांना मागं टाकून गावाबाहेर गेली आणि दीड कोसावरच्या चढावर थांबली. तिथं एक म्हातारा शेळ्या चारत होता. अजून हात जोडूनच उभ्या असलेल्या त्या पुढाऱ्यांना त्यानं विचारलं, "कोणाच्या घरी आले जी?" मी अनेक सत्कार पाहिले आहेत, पण एवढा मुद्देसूद प्रश्न कुठल्याच स्वागताध्यक्षानं विचारलेला ऐकला नाही.

भाटव्यांना पुढाऱ्यांचं काहीच वाटलं नाही. त्यांचं दुःख निराळं होतं. जीप घेतली होती ती ताईला बसवण्यासाठी, आणि ताई बसत नव्हती. चालकाशेजारच्या सीटवर त्यांनी घरच्या कापसाची गादी करून घातली होती. तिच्यावर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. मला मागं, सरकीच्या ढेपेच्या पोत्यांवर. ताईची अट एकच होती आणि ती तिनं माझ्यासमोर घातली होती. "तुमची गाडी लिंबाले न शिवता माह्या भावाच्या दारात थांबली, तं त्या दिवशी बसीन. तोवर एष्टी." मग माहेरी यायचं झालं की ती एष्टीनं निघे आणि भाटवे जीप घेऊन मागोमाग. ताई मुद्दाम शेवटच्या बाकावर बसे, म्हणजे मागच्या काचेतून ते दिसत. एष्टी थांब्यावर उभी राहिली की त्यांना नाइलाजानं पुढं निघून जावं लागे. जाता जाता ते ओरडत, "अवं, सेलूले भेटू!" बारा-तेरा वर्षं ह्या जोडप्यानं असाच संसाराचा प्रवास केला.

शेवटी एका दिवाळीआधी भाटव्यांनी मनावर घेतलं आणि हिंगणघाटला हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जीप नेली. मिस्त्रीनं चारही चाकं उघडून आत बघितलं आणि भाटव्यांकडे आदरानं पाहिलं. "शेठ, इसमें ब्रेक नहीं है. सिर्फ आपकी हिम्मत है." आठ दिवस खपून त्यानं चाकांमधले सगळे रबरी वायसर बदलले, पंप नवा घातला, नळ्या बदलल्या आणि बजावलं, "तेल कम हुआ तो इधर आना. दूसरा कुछ मत डालना." भाटव्यांनी मान हलवली. त्यांची मान कशालाही हलायची.

भाऊबीजेला ताई आधीच एष्टीनं आली होती. जेवणं आटोपली आणि लांबून जीपचा आवाज आला. सवयीप्रमाणे आम्ही सगळे ओट्यावरून उठून घरात सरकलो. पण टायरचा धप्प आवाज आलाच नाही. बाहेर येऊन पाहतो तर जीप लिंबापासून चार हात अलीकडे शहाण्यासारखी उभी! भाटवे खाली उतरले, तो चेहरा मी विसरणार नाही. "मास्तर, काय ब्रेक लागून राह्यले! पाय ठेवाच लागत नाई!" चाकांतून थोडा धूर येत होता, आणि गल्लीभर कुणीतरी भजी तळत असल्याचा वास सुटला होता. पण एवढ्या मोठ्या विजयात वासाकडे कोण बघतो?

ताईनं झाडाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, पदर खोचला आणि पिशवी घेऊन त्या गादीवर जाऊन बसली. अख्खी गल्ली बघत होती. भाटव्यांनी इंजिन सुरू केलं. जीप गुरगुरली, थरथरली आणि जागची हलली नाही. दुसरा गिअर, मागचा गिअर, चारही चाकांची ओढ, सगळं झालं. आठ जणांनी धक्का मारला. जीप ढिम्म. मी हळूच विचारलं, "भाऊजी, ब्रेकमध्ये तेल कोणतं टाकलं?"

"जरासंक कमी दिसलं, तं सरकीचं टाकलं," ते म्हणाले. "घरच्या कपाशीचं, तेलघाणीतलं. मिस्त्रीच्या डब्यात काय भेसळ असन, कोणाले मालूम? आपल्याले चालते, तं रबराले काऊन नाई चालन?"

रबराला ते फारच चाललं होतं. खाऊन खाऊन सगळे वायसर भाऊबीजेच्या पाहुण्यासारखे फुगले होते आणि चारही ब्रेक जे आवळले गेले, ते सुटायला तयार नव्हते. ताई मात्र उतरली नाही. तासभर ती त्या गादीवर बसून राहिली, चिवडा खाल्ला, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलली. भाटवे शेजारी चाक धरून बसले होते. कधीमधी ते सवयीनं हॉर्न वाजवत. मग ताई म्हणाली, "बसली नं मी? झालं तं मंग. चाला, एष्टी जाईन निघून."

दोघं एका बाकावर बसून गेली. मी पोचवायला गेलो होतो. एष्टी हलली, स्टँडच्या फाटकाशी थांबायला लागली, तसा भाटव्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दणादण आपटताना मला उघड्या दारातून दिसला, आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवलेला ताईचा हात.

मिस्त्रीनं पुढं जीप सोडवून दिली आणि ती पुन्हा पूर्वीसारखी झाली. म्हणजे थांबेनाशी झाली. ताई पुन्हा एष्टीनं जाऊ लागली. भाटवे गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. जीप गोठ्यात उभी आहे. दुपारी ताई त्या गादीवर बसून तुरीच्या शेंगा सोलते. परवा गेलो तर बसण्याआधी तिनं चाकाखालचा दगड पायानं घट्ट सारला.

"ताई," मी म्हटलं, "इंजिनात उंदरांनी घर केलंय. आता ही कुठं जाणार आहे?"

"भरोसा नाई रे बाबू," शेंगा पदरात घेत ती म्हणाली. "त्याइनं तिकडून हाक मारली तं जाईन निघून. इले थांबता कुठं येते?"