काटा हलत नाही

मीटरच्या लाल आणि काळ्या वायरीची टोकं एकमेकांना टेकवून काटा शून्यावर आणल्याशिवाय झिरो मामा कुणाला राम रामसुद्धा करत नाहीत, असं आमच्या मेंटेनन्समध्ये म्हणायचे, आणि त्यात फार खोटं नव्हतं. सकाळी बजाजनगरहून चालत यायचे, डबा कपाटात ठेवायच्या आधी पिशवीतून वीज तपासायचं मीटर काढायचे, टेबलावर आडवं ठेवायचे, टोकं जुळवायचे आणि झिरोचं बटण बोटाच्या टोकानं केसाएवढं फिरवायचे. काटा उजव्या कडेच्या शून्यावर नीट उभा राहिला की मग मान वर. तोवर समोर मॅनेजर उभा असला तरी त्यानं थांबायचं. मामांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाच काय ते ठाऊक होतं.

मी डिप्लोमा करून वाळूजच्या त्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा विभागात मी एकटीच मुलगी होते. घराण्यात सगळे कारकून नाहीतर मास्तर, त्यामुळे हातात पाना धरणारी मी पहिलीच. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा तेव्हा माझा बाणा होता. माझ्याकडे आकडे दाखवणारं नवंकोरं डिजिटल मीटर होतं. मामांचा तो काळा, काट्याचा डबा बघून मी म्हणाले, "मामा, हे अजून चालतं?" मामा म्हणाले, "चालतंय की. तुमचं पळतंय, मॅडम, माझं चालतंय."

आठवड्याभरात कँटीनच्या पंख्यानं माझी जिरवली. कधी चालायचा, कधी थांबायचा. सप्लाय काढून मी केबल तपासली, तर माझ्या मीटरवर आकडे नुसते नाचायला लागले. मामांनी आपलं मीटर जोडलं आणि केबल हातभर अंतरानं हलवत गेले. एका जागी काटा हळूच डावीकडे कलला. "इथं. आत तार तुटायला आलीय. आकडा नाचतोय, तू त्याच्या मागं पळायलीस. काट्याकडं बघ, तो कलायलाय." केबल सोलली तर तिथंच तार दोन केसांवर लोंबत होती. त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'पोरगी' झाले आणि मला ते आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही.

मग शिकवणी सुरू झाली. रेंज बदलली की पुन्हा शून्य, त्यात सवलत नाही. "काट्याला आधी त्याचं घर दाखवायचं, मग गावाला धाडायचं." बटण पूर्ण फिरवूनही काटा शून्याला पोचला नाही, तर सेल उतरले समजायचं आणि मोजायचं थांबवायचं. एकदा मी दोन्ही टोकांच्या उघड्या पिना चिमटीत धरून कॉइल मोजत होते. मामा मागून म्हणाले, "कॉइलचं मोजायलीस का तुझं? अंगातूनबी जातंय ते. बोटं मागं घे." मी जीभ चावली आणि बोटं मागं घेतली.

काट्याच्या मागे आरशाची एक बारीक पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं, की नजर सरळ आहे आणि वाचलेला आकडा खरा आहे असं समजायचं. त्यासाठी मामा एक डोळा मिटायचे. कँटीनमध्ये नव्यानं लागलेल्या बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतो, आणि त्यांनी रीतसर तक्रार केली. मामा मीटर घेऊनच साहेबांपुढे गेले आणि साहेबांना एक डोळा मिटायला लावून आले. बाईंनी पुढे वर्षभर मामांच्या ताटात भाजी जरा जास्तच वाढली.

मीटर कंपनीचं नव्हतं, मामांचं स्वतःचं होतं. पहिल्या नोकरीत असताना त्यांनी घेतलं होतं, आणि मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते गुंडाळलेलं असे. मोठ्या मोटारीच्या जवळ ठेवायचं नाही, आपटायचं नाही, काम संपलं की खटका 'ऑफ'वर. लांब सुट्टी असली की सेल बाहेर काढायचे, नाहीतर ते आत पाझरून पत्रा खातात. सुट्टीत मामा पाचोडला घरी जायचे, तेव्हा एसटीत मीटर मांडीवर असायचं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक पाण्याच्या मोटारी टेम्पोत घालून त्यांच्या अंगणात आणायचे. मामा मोजून सांगायचे, "जळाली," नाहीतर "हाय अजून जीव, नुसती ओली झालीय, वाळव." मामांनी 'जीव हाय' म्हटलेली मोटार कुणी रिवाइंडिंगला टाकायचं नाही. त्या अंगणात त्यांच्या शब्दाला काय वजन होतं, ते मी एकदा तिथं बसून पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. आमच्या विभागात एक वाक्य उच्चारायला बंदी होती: 'काटा हलत नाही.' एवढंच बोलून कुणी थांबलं की मामा विचारायचे, "कशावर?" कारण मीटर व्होल्टवर असेल आणि काटा हलत नसेल, तर तिथं सप्लाय नाही, हात लावायला हरकत नाही. पण मीटर ओमवर, म्हणजे स्वतःच्या सेलवर तारेचा रोध मोजायच्या खुणेवर असेल, तर काटा न हलण्याचा अर्थ निराळा. कुठंतरी तार तुटलीय, किंवा सेल संपलेत, किंवा मीटरच मेलंय. सप्लाय आहे की नाही हे त्यातून कळतच नाही. वाक्य एकच, पण एकीकडे माणूस वाचतो आणि दुसरीकडे जातो. पोरं त्यांची टर उडवायची. कुणी म्हणालं 'मामा, डोकं दुखतंय', की दुसरा ओरडायचा 'कशावर?' मामा हसायचे, पण सवाल सोडायचे नाहीत.

त्या दुपारी कन्व्हेयर बंद पडला. सगळी लाइन खोळंबली, सुपरवायझर डोक्यावर उभा. मामा पलीकडच्या टोकाला मोटारीपाशी, मी इकडे पॅनेलपाशी, मधे तीस-चाळीस फूट आणि पत्र्याचा खडखडाट. मेन स्विचचं हँडल मी खाली ओढलं. मामांचं मीटर माझ्याकडे होतं, कारण थोड्या वेळापूर्वी मी त्यावर फ्यूज तपासले होते. ओमवर. नेहमी मामा स्वतः येऊन पाहायचे. त्या दिवशी त्यांनी लांबूनच विचारलं, "काय गं?" काळी वायर अर्थला लावून मी लाल वायर एकेका टर्मिनलला टेकवली. काटा जागचा हलला नाही. मी ओरडून सांगितलं, "काटा हलत नाही, मामा."

आणि मामांनी 'कशावर' विचारलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी आता तयार झाले, असं त्यांना वाटलं असावं. दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

स्विचचं हँडल खाली होतं, पण आतली एक पट्टी चिकटून राहिली होती. सप्लाय चालू होता. ओमवर असलेल्या मीटरला मी तो जोडला, त्यासरशी मीटरच्या पोटातला फ्यूज उडाला, आणि मेलेलं मीटर मला 'काही नाही' सांगत राहिलं. तिकडं मामांनी पाना लावला. मोठा आवाज झाला, जाळ दिसला. आम्ही धावत गेलो तेव्हा मामा खाली बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे अशा नजरेनं बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मामांना दवाखान्यात नेलं. तासाभरात सेफ्टी ऑफिसर वही घेऊन माझ्यापुढे बसले. माझं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात होतं. 'मुलींना मेंटेनन्समध्ये घेऊ नका' म्हणणारे दोघंतिघं दारातच उभे होते. साहेबांनी विचारलं, "मीटर कशावर होतं?" मी म्हणाले, "व्होल्टवर. मीटर जुनं आहे, साहेब. काटा अडकतो." इतकं सोपं गेलं ते. त्यांनी लिहून घेतलं: 'जुने, सदोष मीटर. देखभालीत हलगर्जी.' कुणाच्या देखभालीत, ते लिहायचीही गरज पडली नाही.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. अंगठा आणि दोन बोटं कोपरापर्यंतच्या बँडेजमध्ये गेली होती. ऑफिसरनं मीटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मामांना परत दिलं होतं, 'घरी न्या, आता कंपनीत चालणार नाही' म्हणून. मामा म्हणाले, "मागचा स्क्रू काढ गं. मला येत नाय." मी झाकण काढलं. त्यांनी डाव्या हातानं काचेचा छोटा फ्यूज उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आत तार नव्हती. काटा नुसता अडकला असता तर फ्यूज कशाला उडेल? तो ओमवर सप्लाय लावला तरच उडतो. मीटर ओमवर होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि त्यांना कळलं, हे मला कळलं. मी वाट बघत होते की आता दोन शिव्या तरी देतील. मामा म्हणाले, "नवा फ्यूज घाल. आन् सेल काढून ठेव, लई दिवस लागतील आता." मी सेल काढले. त्यांच्या उशाशी ठेवले. आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही.

त्यांचा जबाब घेतला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "मी विचारायला पायजे होतं. नाय विचारलं." मीटरबद्दल एक अक्षर नाही, माझ्याबद्दलही नाही. मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं, आईनं पेढे वाटले. बोटांच्या जखमा भरल्या, पण टोकांची जाण गेली ती गेलीच. मामांना स्टोअरमध्ये हलकं काम दिलं, आणि निवृत्तीनंतर त्यांना ठेवून घ्यायचं जे बोलणं चाललं होतं ते आपोआप थांबलं. येताजाता लोक म्हणायचे, "मामा, एवढं जपलंत, शेवटी मीटरनंच दगा दिला." मामा स्टोअरच्या खिडकीत बसून चहा प्यायचे. मी समोरून जायचं टाळायला लागले. पलीकडच्या शेडला वळसा घालून जायचे, उन्हातान्हात.

मामा निवृत्त होऊन गेले. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला पाचोडकडचा एक कामगार सहज बोलता बोलता म्हणाला, मामांच्या अंगणात आता कुणी मोटार आणत नाही. ज्याला आपलंच मीटर सांभाळता आलं नाही, त्याचं काय ऐकायचं, असं लोक म्हणतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी खरं काय ते लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. मला ताकीद मिळाली, बढती लांबली, दारातले ते दोघंतिघं महिनाभर खूश होते. सगळं वाजवीच होतं. मग मी पाचोडची एसटी पकडली.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. "ये, पोरी," एवढंच म्हणाले. मामींनी पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विषय काढला. "बघितलास ना त्यांचा हात? त्या मेल्या मीटरनं खाल्ला. मागल्या महिन्यात भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकलं. घरात नगं मला ते."

मी मामांकडे पाहिलं. ते बाजेचा सुंभ चाचपत होते.

"मामांनी अडवलं नाही?" मी विचारलं.

"ते काय अडवतेत. म्हणले, दे, बिघडलेलंच हाय ते."

हा माणूस कधी साधा आकडा अंदाजानं सांगत नसे. मी तिथंच जमिनीवर बसले आणि मामींना सगळं सांगितलं. ओम, व्होल्ट, फ्यूज, वही, माझं खोटं. मामींना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण शेवटचं बरोबर कळलं. त्या मामांकडे वळल्या. "मग चांगलं होतं तर बिघडलेलं का म्हणलात? तुमच्या हातानं लुगड्यात बांधलं तुम्ही ते, आन् माझ्यापुढं ठेवलं."

मामा म्हणाले, "चांगलं हाय म्हणलं असतं, तर तू विचारलं असतंस, मग हात कशानं गेला. मग काय सांगणार होतो? लेकराची नोकरी नवी होती."

मामी उठून आत गेल्या. मी चप्पल घातली, मामांना म्हणाले, येते. बाहेर पडणार, तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज आला आणि त्यामागून मामींचा: "कुठं निघालीस? हात धू."

मी हात धुतले. मामींनी ताट वाढलं, माझ्याकडे न बघता. मामांनी डाव्या हातानं भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "जेव. मीटर काय, दुसरं मिळंल." मी मान हलवली. तसलं मीटर आता कुठंच मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.