ओळंब्याला चौकट वाकडी दिसली

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. त्याची नजर कशी गेली असं कुणी विचारलं की "वय झालं होतं त्याचं" म्हणायचो आणि विषय बदलायचो. ते खोटं होतं.

त्याला आम्ही ओळंबा म्हणायचो, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वजन बांधलेली दोरी सोडतो तो. डावा डोळा लहानपणापासून अधू, पण उजव्या डोळ्याच्या जोरावर त्यानं इथे कॅनडात हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात जन्मभर सळया सरळ आहेत का ते तपासलं. कुणाच्याही घरी गेला की चहाआधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा. "राहवत नाही रे," म्हणायचा. त्याची बायको, आमच्या वहिनी, ओशाळून खाली बघायच्या.

आमच्या म्हाताऱ्यांच्या शुक्रवारच्या बैठकीत धड दिसणारा तोच एक. एकाची नजर काचबिंदूनं नेली, एकाची शुगरनं. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला. आंधळेपण गरीब देशांत असतं, ही आमची घमेंड. इथे तपासणी फुकट, मशिनं नवी, आणि तरी अर्धी बैठक चहाचा कप चाचपडत शोधायची.

माझं लायसन्स गेलं होतं. ओकव्हिलच्या आमच्या भागात गाडीशिवाय दूधही मिळत नाही. ओळंबाच मला बैठकीला न्यायचा, ग्रोसरी करून आणायचा. "आंधळ्या, बेल्ट लाव," म्हणायचा आणि स्वतःच लावून द्यायचा.

एका शुक्रवारी तो माझ्या दारात थबकला. "तुझी चौकट मध्येच वाकलीये."

चौकट सरळ होती. माझ्या फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला चौकोनांचा कागद होता: रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी फोन करा. लगेच इंजेक्शन मिळालं तर नजर वाचू शकते, हे मला पाठ होतं. डॉक्टर आधी त्याचं गाडी चालवणं बंद करतील, हेही.

"थंडीनं लाकूड वाकतं," मी म्हणालो. मी इंजिनिअर, त्याला पटलं.

पुढे दोन महिने मी त्याच्या शेजारी बसून फिरलो. गाडी लेन सोडू लागली की "जरा उजवीकडे घे" म्हणायचो. लिहितानाही स्वतःची किळस येते.

शेवटी तो डोळे तपासायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी त्याला विचारलं, इतका उशीर का केलात? तो हसत माझ्याकडे हात करून म्हणाला, "हा म्हणाला, लाकूड आहे." मीही हसलो.

नंतर त्याला समोरच्याचा चेहरा दिसेना. मी भेटायला गेलो की मान तिरकी करून मला शोधायचा. एकदा म्हणाला, "बाकीचे यायचे थांबले. तू नाही थांबलास." मी तेव्हा सांगायलाच गेलो होतो. त्याऐवजी म्हणालो, चहा गार होतोय.

या जानेवारीत तो गेला. फ्युनरल होममध्ये वहिनींनी मला दोन शब्द बोलायला लावले. मी त्याच्या मैत्रीबद्दल बोललो, लोक रडले. ओळंब्या, मला त्याच दिवशी कळलं होतं, मला माफ कर, हे मात्र तेव्हाही बोललो नाही.