लाल कॅलिपरची हौस

चाकाच्या जाळीतून ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा चिमटा, लाल दिसला की जुनी गाडीही तरुण वाटते, असं माझं मत होतं. म्हणून घराच्या गेटचा उरलेला ऑइलपेंट मी स्वतःच त्याला फासला. यवतेश्वरचा घाट उतरताना त्यातून धूर निघाला आणि बायको खाली उतरून चालू लागली. ‘ब्रेक ठीक आहेत गं, फक्त रंग जळतोय,’ हे माझं समजावणं काही उपयोगी पडलं नाही. महिनाभर ती गाडीत बसली नाही.

शेवटी मलकापुरात मिलिटरीतून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककडे गाडी नेली. बायको मागून एसटीनं आली.

‘आवं, ब्रेक लय तापतोय, गेटाचा रंग टिकंल व्हय?’ तो हसला. ‘आतली रबरं काढून पावडर कोटिंग करू, भट्टीत भाजून. रंग कंचा?’

मी ‘लाल’ म्हणणार, तेवढ्यात बायकोनं विचारलं, ‘भाऊ, ब्रेकचं ऑइल गळायला लागलं तर कोणत्या रंगावर लगेच दिसेल?’

‘फिकट करड्यावर, वैनी.’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. करडा ठरला. संध्याकाळी काम झाल्यावर ती पुढच्या सीटवर येऊन बसली, आणि मी गाडी हळूच सुरू केली.