बंद दुकानातली उदबत्ती

तो शुक्रवार अजून माह्या अंगातून निंघाला नाई. पोरगी आता शाळेत जाते, ते गल्ली तं राह्यलीच नाई, पन पोलिसाची गाडी दिसली का मी अजूनबी पोरीले जवळ वढतो. त्या वक्ताचे ठाणेदार साहेब आता रिटायर झाले. ते ही केस सांगतीन तं खुर्चीवरून सांगतीन. मी खुर्चीच्या समोर उभी होती, पोरगी कडेवर घेऊन, मी तिथून सांगतो. सातवीपर्यंत शाळा झाली माही, काही मांगंपुढं झालं तं सांभाळून घ्या, पन खोटं नाई सांगत.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. जुन्या बाजारात ते गल्ली होती, इतकी अरुंद का हमाल पोतं घेऊन आला तं समोरच्यानं कोनाच्या तरी पायरीवर चढून उभं राहाव. तोंडाशी पानठेला, मंग काकनाचं दुकान, मंग शिंपी, मधात शेठचं किराना, अन् शेठच्या समोरासमोर चाचाचं हॉटेल. हॉटेल म्हंजे काय, दोन बाकडे, एक भट्टी, धुरानं काया झालेला आढा. पन रिसोडकडून जीपनं आलेला मानूस पह्यले चाचाचे गरम भजे खाये, मंग बाजार करे. भज्यासंग कढी फुकट. कोनी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली का चाचा ओरडे, "अबे, कढी पितं का आंघोय करतं!"

माहा नवरा त्याच भट्टीवर होता. चाय, भजे, सारं त्याच्या हातचं. मी मांगच्या आंगनात आलू सोले, पोरगी झोळीत.

त्या गल्लीची एक रीत होती. साऱ्या दुकानायच्या किल्ल्या चाचाच्या हॉटेलात भिंतीवरच्या खिळ्यायले लटकून राहत. चाचा सगळ्यात आंधी उघडे म्हनून. मालाची गाडी आली का किल्ली काढायची, माल आत ठिवायचा, किल्ली परत खिळ्याले. कोनी कोनाले इचारत नोतं. दुसरी किल्ली ज्याच्या त्याच्या घरी.

गुरुवारी गल्ली बंद राहे. त्या गुरुवारी चाचा म्हने, भट्टीवरची भिंत लय कायी झाली, चुना मारून घे. नवऱ्यानं किल्ल्या काढून टोपल्यात ठिवल्या, भिंत पोतली, मंग आमी हॉटेलाले कडी लावून घरी जेवायले गेलो. वापस आल्यावर त्यानं किल्ल्या जशाच्या तशा लटकवल्या. इतकंच झालं.

शुक्रवारी सकायी शेठनं दुकान उघडलं अन् बोंबलले. गल्ला खाली. लक्षुमीपूजनाचे चांदीचे शिक्के गायब. अन् कुलपाले ओरखडा नाई.

पानठेलेवाल्यानं पोलिसाच्या कानात सांगतलं का बंदच्या दिवशी मी गल्लीतून जात होतो तवा भट्टीवाला किल्ल्या काढतानी पाह्यला. खोटं नोतं ते. पन निम्मंच सांगतलं. भिंत नाई सांगतली, चुना नाई सांगतला.

जमादार आले, अन् नवऱ्याचे हात बेसनानं भरले होते तसेच दोरानं बांधले. धुवू बी दिले नाई. भर बाजारातून नेलं. काकनवाली बाई, जे रोज माह्या पोरीले उचलून घे, तिनं मान फिरवली. तिचं ते मान फिरवनं मले दोरापरीस जास्त लागलं. मी पोरीले उचललं अन् मांगं मांगं पयत सुटली, एका पायातली चप्पल कुठी पडली पत्ता नाई.

ठाण्यात साहेबायनं मलेच पुढं घेतलं.

"माल कुठी ठिवला? सरळ सांगशीन तं नवऱ्याले तरास कमी."

"साहेब, माह्या घरात दोन गंज, एक तवा अन् हे पोरगी हाये. चला, झडती घ्या. तवा उलटा करून पाहा."

जमादार म्हने, "बाईचं तोंड लय चालते."

"भेवानं चालते साहेब. मले भेव लागलं का चुप बसताच येत नाई."

खरंच तसं हाये माहं. लोकाची बोबडी वयते, माही सुटते.

साहेब म्हने, "किल्ल्या काढल्या का नाई त्यानं?"

"काढल्या."

"मंग?"

"चुना मारला. जाऊन भिंतीले हात लावा, तुमचा हात पांढरा नाई झाला तं मले बी आत टाका. अन् शेठच्या घरी दुसरी किल्ली हाये, तिचं काहून नाई इचारत?"

साहेब हासले. "आपलंच घर कोन फोडते बाई?"

"मंग गरिबाचंच घर काहून फोडता?" माह्या तोंडातून निंघून गेलं. अन् निंघाल्यावर असं वाटलं का आता आपल्यालेबी दोर लागते. पोरगी रडाले लागली म्हनून मी वाचली का काय मालूम. साहेब उठले, म्हने, "चला, जागेचा पंचनामा करून घेऊ."

नवऱ्याले परत गल्लीत आनलं, दोरासकट. शेठ गादीवर डोकं धरून बसले होते. शेठचा पुतन्या, रोज दुपारी गादीवर तोच बसे, तो पंचनाम्याले बोलावला म्हनून घरून जमादारासंग आला, साहेबायसाठी खुर्ची पुसून राह्यला होता. मले म्हने, "तू बाहेर थांब." मी उंबरठ्यावर थांबली. बाहेरच थांबली, पन डोये तं आत जातेच ना.

गादीच्या वर देवाच्या फोटोची फळी. फळीवर उदबत्तीची काडी, अन् खाली तिची राख, अख्खी, वाकडी पडलेली.

आता शेठची रीत साऱ्या गल्लीले मालूम होती. संध्याकायी दुकान बंद करतानी ते देवाची फळी वल्ल्या फडक्यानं स्वतः पुसत, अन् तसेच वल्ले हात घेऊन समोर चाय प्यायले येत. चाचा रोज म्हने, "शेठ, हात पुसायले टावेल घ्या, माह्या गिराइकाचा सदरा नोका घेऊ." दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं का त्याच फळीवर पह्यली उदबत्ती.

मी म्हनलं, "शेठजी, आज उदबत्ती लावली का तुमी?"

"कायची उदबत्ती बाई. दार उघडलं अन् गल्लाच दिसला मले."

"मंग हे कोनाची?"

शेठनं मान वर करून पाह्यलं. जमादारानं पाह्यलं. पुतन्या लगेच म्हने, "मी लावली. सकायी."

शेठ म्हने, "तू तं आता आला. जमादारासंग."

"मंग कालची असन."

"काल गल्ली बंद होती," जमादार म्हने.

पुतन्यानं खुर्ची पुसायचं फडकं हातात तसंच धरलं होतं. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् मले सारं समजलं, अन् शेठले माह्या आंधी समजलं होतं. पराया चोर आला असता तं गल्ला उचकटला असता अन् पयाला असता. दुकानातल्या मानसाचं तसं नाई. त्यानं दार उघडलं, अन् हात आपसूकच माचिसकडे गेला.

जमादार म्हने, "चोर मोठा भक्त दिसते."

साहेबायनं पुतन्याले ठाण्यात नेऊन एकट्याले बसवलं. मारलं नाई, ओरडले बी नाई, हे मी सांगतोच, कारन मी बाहेरच्या बाकड्यावर होती अन् दार उघडं होतं. त्याले चाय देल्ली. मंग इतकंच इचारलं, "उदबत्ती लावतानी देवाले काय मांगतलं रे?" तो ढसाढसा रडाले लागला अन् त्यानं सारं सांगतलं. आमी जेवायले घरी गेलो तवा गल्लीत कोनी नोतं, तवाच तो घरची किल्ली घेऊन आल्ता. शिक्के त्याच्या खोलीत गव्हाच्या कोठीत सापडले.

इथं केस संपली असं कोनी म्हनन. माही केस इथून सुरू झाली.

शेठ हात जोडून म्हने, "साहेब, घरचा मामला हाये, घरातच राहू द्या." साहेबायनं त्यायचं काय ऐकलं, काय नाई, ते मले नाई मालूम. मले म्हने, "जा, ने नवऱ्याले. मांगच्या बोळीतून जा, बाजारात गर्दी हाये."

मी नाई हालली.

"काय झालं आता?"

"साहेब, यायले दोर लावून ज्या गल्लीतून आनलं, त्याच गल्लीतून वापस न्या. जमादार साहेबानं संग चलाव. अन् शेठनं सांगाव साऱ्यायसमोर."

जमादार म्हने, "सोडलं ना तुह्या नवऱ्याले? आता वरात पाह्यजे का?"

"हो. नेतानी काढलीच होती ना."

नवराच माहा हात वढाले लागला, "चल ना वो, सुटलो ना मी. जाऊ दे." त्याच्या मनगटावर दोराचे वळ उठले होते, बेसन सुकून खपली धरली होती.

मी म्हनलं, "तुमी सुटले. लोकाच्या डोक्यातून कोन सोडवते? उद्या हे पोरगी मोठी होईन, तं हिले म्हनतीन तुह्या बापाले दोर लावला होता. मांगच्या बोळीतून गेल्यावर हिनं काय सांगाव?"

साहेब म्हने, "तू मले कायदा शिकवतं?" आवाज असा का पोरगी दचकली. वाटलं आता बस, निंघाव. पन पाय हाललेच नाई, भेवानं नाई हालले का कायनं, देवाले मालूम. मी म्हनलं, "कायदा नाई साहेब. रस्ता सांगून राह्यली."

साहेबायनं टोपी उचलली. "चल जमादार."

गल्ली भरली होती. पुढं साहेब अन् जमादार, मंग माहा नवरा, हात मोकये, मंग मी, मांगून शेठ. शेठ आपल्या पायरीवर चढले, अन् इतकंच म्हनले, "या मानसानं काही नाई केलं. माह्या घरातलं होतं." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. मले त्यायचं वाईट वाटलं, पन मी त्यायले थांबवलं नाई.

पानठेल्याजवळ मी थांबली. तो चुना लावत होता पानाले, मान खाली. मी म्हनलं, "भाऊ, सकायी तुमीच पह्यले बोलले ना? आताबी बोला. वरडून बोला, मांगच्यायले ऐकू नाई जात."

तो साहेबायकडे पाहे, माह्याकडे पाहे. शेवटी म्हने, "मी किल्ल्या काढतानी पाह्यलं. चोरी करतानी नाई पाह्यलं."

"अन् भिंत?"

"भिंत पोतत होता तो."

काकनवाली पुढं आली, पोरीले घ्यायले हात पसरले. मी पोरगी देल्ली नाई. त्या दिवशी नाई देल्ली.

मंग रस्ता रुंद झाला, गल्ली कापल्या गेली, चाचा पोराकडे राहाले गेला. नवऱ्याची आता स्टँडवर सोताची गाडी हाये भज्याची. त्या जागी काचाचे दुकानं झाले, किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात. मले जुनं लय गोड होतं असं म्हनता येत नाई. जे गल्ली आपल्या भरवशावर किल्ल्या ठिवत होती, तिनंच एका घडीत मान फिरवली.

या केसनं मले शिकवलं ते इतकंच. भेव जायाची वाट पाहू नोका, ते नाई जात. त्याले कडेवर घ्या अन् बोला. अन् कोनी म्हनलं, झालं ना तुहं काम, आता चुपचाप घरी जा, तं पाऊल उचलाच्या आंधी इचारा का माह्या चुप राह्यल्यानं भलं कोनाचं होऊन राह्यलं.